सोया मेणाच्या सुगंधी मेणबत्त्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी काचेच्या पेल्यात ओतलेल्या सोया मेणाच्या मेणबत्त्या नियमित वापरात आहेत. खस, मोगरा आणि लॅव्हेंडर या तिन्हींत खस उजवा ठरला. दमट दिवसांत बंद खोलीला येणारा कुबट वास त्याने चांगला झाकला जातो. मोगरा मात्र पेला नाकाशी धरला की दरवळतो आणि पेटवल्यावर फिका पडतो, म्हणून नुसता हुंगून सुगंध निवडू नये.

असे का होते हे कळायला मेणबत्ती जळते कशी हे पाहावे लागते. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, केशाकर्षणाने वातीतून वर चढते, तिथे त्याची वाफ होते आणि मुख्यतः ही वाफच जळते. मेणबत्ती विझवताच वातीतून जो पांढरा धूर निघतो, त्याला वातीच्या थोडे वर पेटती काडी लावून पाहा. ज्योत धुरावरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. ज्योतीत पोहोचलेले सुगंधी तेल बहुतांशी जळूनच जाते; खोलीत पसरतो तो वास प्रामुख्याने वातीभोवती साचलेल्या पातळ मेणाच्या पृष्ठभागावरून उडालेला असतो.

म्हणूनच पहिल्यांदा पेटवल्यावर पातळ मेण काचेच्या कडेला टेकेपर्यंत ती विझवू नये. मध्यम पेल्याला यासाठी दोन-तीन तास सहज लागतात. घाईने विझवल्यास मधोमध खड्डा पडतो, पुढेही मेण तेवढ्याच घेरात वितळत राहते आणि कडेचे महागडे मेण तसेच उरते.

सोया मेणाला काजळी धरतच नाही, हा विक्रेत्यांचा दावा मला मान्य नाही. ज्योतीचा पिवळा उजेड मुळात तापलेल्या काजळीच्या कणांचाच असतो, आणि वात लांब राहिली किंवा पंख्याचा वारा लागला की हे कण पुरते न जळता काचेवर काळा पट्टा धरतात. विणलेली सुती वात (ती १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये आली) जळता जळता वाकते, तिचे टोक ज्योतीबाहेर येऊन जळून जाते, आणि त्यामुळे साध्या मेणबत्तीची वात सहसा कातरावी लागत नाही. सुगंधी मेणबत्तीत मात्र तेलामुळे टोकावर कोळशाचे बोंड धरते. दर वेळी पेटवण्यापूर्वी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कातरली की काच बरीच स्वच्छ राहते.

एक तक्रार नोंदवायलाच हवी. भर उन्हाळ्यात मागवलेली एक मेणबत्ती वाटेत वितळून, वात एका बाजूला कलून थिजलेली आली आणि विक्रेत्याने ती बदलून दिली नाही. पेल्यात ओतायचे सोया मेण साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत कुरिअरने मागवण्याऐवजी दुकानातून पाहून घेणे बरे.

तळाशी सेंटीमीटरभर मेण उरले की ती पुन्हा पेटवू नये, कारण ज्योतीची धग थेट तळाला लागून काच तडकू शकते.