तीन पैकी पहिलं पान

14 वेल ग्लास दिवे (काचेच्या घुमटाचे), 4 पुश बटन स्टेशन (चालू-बंदच्या बटणांच्या पेट्या). फ्लेमप्रूफ, म्हणजे पेटणाऱ्या वाफेच्या जागी चालणारे, म्हणून घेतले आणि नकली निघाले. जीएसटी धरून छप्पन हजार चारशे रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण सात महिने हा माल ड्रम भरायच्या जागेवर डोक्यावर टांगलेला होता, हे आठवलं की अजून झोप उडते. ओळखीतले दोघं-तिघं सध्या असलीच खरेदी करायला निघालेत, म्हणून लिहितोय.

तारापूर एमआयडीसीत आमचं थिनरचं छोटं युनिट आहे. टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, ॲसिटोन मिसळायचं आणि ड्रममध्ये, कॅनमध्ये भरायचं. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेटू शकते ते, साधारण 4 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही दिवशी त्याची वाफ पेटायला तयारच. हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली साचते, खड्ड्यात, गटारात जाऊन बसते. आमची भरायची जागा झोन 1 मध्ये येते. नेहमीच्या कामातच तिथे पेटू शकणारी वाफ अधूनमधून असणार, असा त्याचा अर्थ. तिथे साधा बल्ब चालत नाही, साधं बटणही नाही.

जुने दिवे बदलायचे होते. नेहमीच्या डीलरने एका दिव्याचे बावन्नशे सांगितले. तेवढ्यात एक व्यापारी स्वतःहून दारात आला. माणूस गोड बोलणारा. भाव एकोणतीसशे. “शेठ, आयआयसी, टी6. याच्या वर काही नाहीच. नागपूरचं अप्रूव्हल आहे, धनबादचा टेस्ट रिपोर्ट आहे, आयपी66 आहे. अजून काय पाहिजे?”

खरं तर तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. टोल्युइनला वाफेच्या गटांतला सौम्य आयआयए पुरतो, आणि तापमानाचा वर्ग (दिवा किती तापू शकतो त्याची मर्यादा) टी1 पुरतो; टी6 हा सगळ्यांत कडक. आयआयसी हा हायड्रोजन, ॲसिटिलीनसाठीचा गट, त्याचं मशिनिंग जास्त बारीक आणि माल महाग. सगळ्यांत वरचा दर्जा सगळ्यांत कमी भावात कोण विकेल? आणि आयपी66 म्हणजे धूळ आणि पाणी आत जात नाही, एवढंच. स्फोटाशी त्याचा संबंध नाही. हे सगळं मला माहीत होतं, हीच लाजेची गोष्ट. पण एका दिव्यामागे तेवीसशे वाचत होते, आणि समोर कागद होता. त्यावर पेसोचा (असल्या मालाला मंजुरी देणारं नागपूरचं सरकारी खातं) शिक्का, क्रमांक, तारीख सगळं जागच्या जागी. मी फाइलला लावला आणि मोकळा झालो.

पावसाळ्यात एक दिवा बंद पडला. आमचे मिस्त्री पूर्वी मोठ्या केमिकल कंपनीत होते. त्यांनी दिवा खाली उतरवला, झाकण उघडलं आणि मला हाक मारली. “साहेब, हे बघा.”

फ्लेमप्रूफ म्हणजे आत वाफ जाऊच न देणारी पेटी, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. वाफ आत शिरणार आणि ठिणगीने पेटणारही, हे धरूनच ती बनवतात. आतला स्फोट पेटीने सोसायचा, आणि झाकण-पेटीच्या मधल्या अरुंद, लांब फटीतून बाहेर पडताना ज्वाला इतकी थंड व्हायची की बाहेरची वाफ पेटू नये. सगळी मदार त्या फटीवर. म्हणून ते पृष्ठभाग मशिनवर घासून सपाट केलेले असतात, त्यांवर रंग चालत नाही, ओरखडा चालत नाही, एकही बोल्ट कमी चालत नाही.

आमच्या दिव्याच्या फ्लँजवर, म्हणजे झाकण टेकतं त्या कडेवर, रंगाचा जाड थर होता. मधोमध रबराची रिंग कोंबलेली. मिस्त्रींनी झाकण पुन्हा आवळून बसवलं आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला, तर अर्ध्या मिलिमीटरची पट्टी सरळ आत गेली. एवढी फट आयआयएलासुद्धा चालत नाही, आयआयसी तर दूरच. नेमप्लेट रिव्हेटने ठोकलेली नव्हती, चिकटवलेली होती. नखाने निघाली. मिस्त्री म्हणाले, “हा वॉटरप्रूफ दिवा आहे साहेब. वर फक्त फ्लेमप्रूफ लिहिलंय.”

त्याच दिवशी भरणं बंद केलं आणि त्या जागेची लाइन पॅनेलवरूनच काढली. मग फाइल घेऊन बसलो. अप्रूव्हलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, ‘3 पैकी पान 1’. उरलेली दोन पानं मला मिळालीच नव्हती आणि मी मागितलीही नव्हती. कागदावर ज्या उत्पादकाचं नाव होतं त्याला फोन लावला. कागद खरा निघाला. क्रमांकही त्यांचाच. पण तो जंक्शन बॉक्सचा, म्हणजे वायर जोडायच्या पेटीचा. मॉडेलची यादी दुसऱ्या पानावर. “आम्ही दिवे बनवतच नाही,” ते म्हणाले.

टेस्ट रिपोर्ट मात्र सरळ बनावट. तारीख 2021 ची आणि वर संस्थेचं नाव सीएमआरआय, म्हणजे धनबादची जुनी खाण संशोधन संस्था. बाजारात अजून तेच नाव तोंडात आहे, पण 2007 मध्ये धनबादच्या दोन संस्था एकत्र होऊन सीआयएमएफआर (खाण आणि इंधन संशोधन संस्था) झाली. तिचं आताचं लेटरहेड जुन्या नावाने कसं असेल?

व्यापाऱ्याला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. “शेठ, बिल बघा.” बिलावर होतं, ‘औद्योगिक एलईडी फिटिंग, वेल ग्लास टाइप’ आणि ‘पुश बटन, कास्ट ॲल्युमिनियम’. फ्लेमप्रूफ हा शब्द कुठेच नाही. मॉडेल नंबर नाही, अप्रूव्हलचा क्रमांक नाही. वकिलांनी सांगितलं की बनावट रिपोर्टवरून तक्रार करता येईल, पण तो हाताने दिलेला झेरॉक्स, ना सही ना ईमेल. तक्रार दिली आहे. पुढे काही हललेलं नाही.

नवा माल घेताना पर्चेस ऑर्डरवरच मॉडेल, गट, तापमानाचा वर्ग आणि अप्रूव्हलचा क्रमांक लिहिला, आणि बिलावर तेच उतरवून घेतलं. अप्रूव्हलची सगळी पानं मागितली आणि उत्पादकाला स्वतः फोन केला. डीलरने दिलेल्या नंबरवर नाही, नंबर मी शोधला. माल आल्यावर मिस्त्रींनी प्रत्येक झाकण उघडून पाहिलं. पेटीत केबल शिरते तिथले ग्लँडही डबल कॉम्प्रेशनचे, म्हणजे केबल दोन ठिकाणी आवळणारे, घेतले आणि न वापरलेली भोकं प्रमाणित प्लगने बंद केली. खऱ्या पेटीला एक भोक उघडं राहिलं तर तिचा काहीच उपयोग नाही.

काढलेले दिवे भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता. ॲल्युमिनियमचा भाव बरा मिळाला असता. पण ते नव्या स्टिकरसह पुन्हा कुणाच्या तरी शेडमध्ये लागले असते. मिस्त्री आणि मी मागच्या अंगणात बसलो आणि एकेक करत चौदाही घणाने फोडले. चार बटणं तेवढी ठेवलीत, तक्रारीच्या पुराव्यासाठी.