लोकवर्गणीचे जोडे आणि कोकणातला पावसाळा

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पायांच्या सोयीसाठी जे नवे शोध लागले, त्यांतले बरेचसे दुकानात येण्याआधी किकस्टार्टर किंवा इंडीगोगो यांसारख्या लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर देखण्या चित्रफितीच्या रूपाने अवतरले, आणि वस्तू कारखान्यात तयार होण्यापूर्वीच हजारो अनोळखी माणसांनी तिच्यासाठी पैसे भरले. परदेशी राहणारा आमचा भाचा या छंदात पुरता बुडालेला असल्यामुळे असे काही जोडे, जोड्यात घालायचे तळवे आणि नाड्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी येऊन पोहोचल्या, आणि त्या घरातल्या निरनिराळ्या पायांनी वापरून पाहिल्या. परीक्षणाचा निकष मी इथलाच ठेवला आहे. जांभ्या दगडाच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, जूनपासून शेवाळ धरते, दिवसातून कितीतरी वेळा उंबऱ्याबाहेर पायताण काढावे लागते, आणि भिजलेली वस्तू वाळवायला सप्टेंबरपर्यंत नीट ऊन मिळत नाही. या तीन गोष्टींपुढे जे टिकेल ते चांगले.

आधी व्यवहाराविषयी थोडे. किकस्टार्टर २००९ साली सुरू झाले. ठरवलेली पूर्ण रक्कम जमली तरच ती निर्मात्याला मिळते, नाहीतर कोणाच्याही खात्यातून पैसे जात नाहीत, आणि जमलेल्या रकमेतून संकेतस्थळ स्वतःचे पाच टक्के कापून घेते. रक्कम जमली म्हणजे वस्तू मिळालीच असे मात्र नाही, कारण हे दुकान नव्हे, आणि ते संकेतस्थळच तसे स्पष्ट सांगते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी २०१५ साली केलेल्या पाहणीत पैसे जमलेल्या उपक्रमांपैकी सुमारे ९ टक्के उपक्रमांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती, आणि त्यांच्याच त्याआधीच्या अभ्यासात तीन चतुर्थांशांहून अधिक उपक्रम ठरल्या मुदतीपेक्षा उशिरा पोहोचले होते. पावसाळी जोड्याच्या बाबतीत हा उशीर विशेष नडतो. मे महिन्यात यायचा जोड दिवाळीला आला, तर तो पुढच्या मृगापर्यंत कपाटातच राहणार. शिवाय जोडा थेट भारतात मागवला तर टपालखर्च आणि आयातशुल्क वेगळे, आणि माप चुकले तर परत पाठवण्याचा खर्च जोड्याच्या किमतीला भिडतो.

तरीही या वाटेने चांगल्या वस्तू आल्या आहेत हे मान्य करायला हवे. न्यूझीलंडच्या टिम ब्राऊन यांनी २०१४ साली मेरिनो लोकरीच्या जोड्याची कल्पना किकस्टार्टरवर मांडली आणि थोड्याच दिवसांत एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली. त्यातूनच पुढे ऑलबर्ड्स ही कंपनी उभी राहिली. लोकरीचा जोडा आमच्या हवेत कोणी घालायचा, हा प्रश्न अर्थात वेगळा.

आमच्या दृष्टीने खरा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे पाणी. या बाबतीत निर्मात्यांचे सरळ दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो की पाणी आत येऊच द्यायचे नाही. कॅनडातील व्हँकूव्हरच्या वेसी या कंपनीने २०१८ साली किकस्टार्टरवर विणलेल्या कापडाचा जलरोधक जोडा आणला, आणि तेव्हापासून त्या जातीचे अनेक जोडे निघाले. त्यांच्या विणीखाली एक पातळ पापुद्रा असतो. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला आत येऊ देत नाहीत, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतात, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना चुकीची नाही. परंतु वाफ बाहेर पडते ती आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असते म्हणून. रत्नागिरीत जुलै महिन्यात बाहेरच्या हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि उकाडाही असतो, तेव्हा वाफेला बाहेर जाण्याची ओढच उरत नाही. आमच्याकडे आलेला या जातीचा जोड एका वेगळ्याच, लहानशा उपक्रमातला होता. पावसाच्या सरीत तो वरून खरोखरच कोरडा राहिला, आणि संध्याकाळी पाय काढला तेव्हा मोजा आतल्या घामाने पिळून काढण्याइतका ओला होता. त्याहून वाईट म्हणजे वहाळ ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरले की ते बाहेर पडायला वाट नसते. जलरोधकपणा तेव्हा उलटा काम करतो आणि माणूस पायात पाणी बाळगत घरी येतो. पुण्यामुंबईच्या पावसात, कचेरीपासून स्थानकापर्यंतच्या चालीला हा जोडा उत्तम असेल. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात तो चिखल्यांना आमंत्रण आहे. बोटांच्या बेचक्यांत एकदा चिखल्या झाल्या की त्या गणपतीपर्यंत पाठ सोडत नाहीत, हे इथे कोणाला सांगायला नको.

दुसरा पंथ पाण्याला येऊ देतो आणि लगेच जाऊही देतो. बार्सिलोनाच्या ट्रॉपिकफील या कंपनीने २०१८ मध्ये मान्सून नावाचा जोडा याच तत्त्वावर मांडला आणि वीस लाख युरोंहून अधिक रक्कम गोळा केली, जी पादत्राणांच्या उपक्रमात अभावानेच जमते. या जातीच्या जोड्यात वरचे कापड जाळीदार असते, पाणी निथळायला वाटा असतात आणि आतला तळवा सुटा काढून वेगळा वाळवता येतो. कोकणासाठी मला हीच रीत अधिक शहाणपणाची वाटते, कारण आपल्याकडे पूर्वापार चालत आलेल्या रबरी आणि प्लास्टिकच्या पावसाळी चपलाही हेच करतात. या नव्या जोड्यांची त्यांच्यावर मात होते ती बोटांना आणि टाचेला मिळणाऱ्या आधारामुळे. सड्यावरून, म्हणजे खडकाळ माळावरून, भरभर चालताना चपलेतला पाय पुढे घसरतो, अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा रुततो. तसे येथे होत नाही.

पण वाळण्याबाबतचे दावे मात्र इटली-स्पेनच्या उन्हात केलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. आमच्या पडवीत दोरीवर टांगलेला असा जोड रात्रभरात वाळत नाही, तो फक्त ठिबकायचा थांबतो. मग घरातले कोणीतरी तो चुलीपाशी नेऊन ठेवते. तसे करू नये, कारण त्या उष्णतेने फोमचा तळ आकसतो आणि डिंक सुटतो. सुटा तळवा काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवणे हाच त्यातल्या त्यात खरा उपाय आहे, आणि तोही वीज असेल तर.

आणखी एक गोष्ट चित्रफितीत कधी नसते. पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकचा तळ हवेतल्या दमटपणाने रासायनिकरीत्या विघटित होतो, मग तो वापरा वा न वापरा. दोन-तीन पावसाळे कपाटात काढलेला जोडा एके दिवशी पायात घालावा आणि चार पावलांत तळाचा भुगा पडावा, हा अनुभव आमच्याच नव्हे, किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांतला आहे. रबर आणि ईव्हीए नावाचा हलका फोम या दोहोंना हा रोग नाही. म्हणून कोणत्याही उपक्रमाला पैसे देण्याआधी तळ कशाचा आहे एवढा एक प्रश्न निर्मात्याला अवश्य विचारावा. उत्तर आले नाही, तर तेही उत्तरच समजावे.

पायाला कमीत कमी गुंडाळणारे शोध हा वेगळा आणि मोठा गमतीदार वर्ग आहे. चेक प्रजासत्ताकातील स्किनर्स या कंपनीने २०१६ मध्ये मोज्यालाच खाली पॉलिमरचा खरबरीत थर देऊन पादत्राण केले. इटलीच्या नेकफिट या कंपनीने २०१७ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन, अनवाणी तळपायाला थेट चिकटवायचे पातळ तळवे आणले आणि मागितलेल्या रकमेच्या अनेक पट पैसे मिळवले. समुद्रकिनाऱ्यासाठीच ते बनवले आहेत असे म्हटले जाते. मोज्याच्या जातीचा जोड आमच्या पुळणीवर आणि खडपावर छान चालला: कालवांच्या धारदार कवचांवर पाय ठेवताना पूर्वी जी भीती वाटे ती बरीच कमी झाली, आणि दगडाचा उंचसखलपणा पायाला कळत राहिल्याने तोलही चांगला सांभाळला गेला. चिकटव्या तळव्यांविषयी मी इतकेच म्हणेन की ओल्या, वाळू लागलेल्या पायाला डिंक धरत नाही, आणि किनाऱ्यावर कोरडा, स्वच्छ पाय कोठून आणायचा?

अनवाणी चालण्याविषयी या उपक्रमांत फार बोलले जाते, आणि त्याला अगदीच आधार नाही असे नाही. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० मुलांचे पाय तपासून १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पादत्राणे घालणाऱ्यांत सपाट तळपायाचे प्रमाण ८.६ टक्के आणि न घालणाऱ्यांत २.८ टक्के आढळले होते. पण हा मुलांचा अभ्यास आहे. भाताच्या मळ्यात लावणीसाठी उतरणाऱ्याने तो वाचून अनवाणी उतरू नये. उंदरांच्या मुतातून चिखलात येणारा लेप्टोचा जंतू पायाच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतो, आणि तेथे गमबुटाला पर्याय नाही. मधुमेह्यांनी तर या मोजेवजा पादत्राणांच्या वाटेला जाऊच नये, कारण ज्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्याला दगड कळण्याचा लाभ नाही आणि काटा घुसला तरी पत्ता लागत नाही.

जोड्यात यंत्र बसवणाऱ्या शोधांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये चालण्यातून वीज निर्माण करून मोबाइल भारित करणारा तळवा मांडला होता. आपल्याकडे सिकंदराबादच्या ड्युसेर टेक्नॉलॉजीज या कंपनीने अंध व्यक्तींना कंपनांद्वारे वाट दाखवणारा लेचल हा जोडा बनवला, आणि त्यामागचा हेतू मला या सर्वांत अधिक आदरणीय वाटतो. परंतु खारा वारा, घाम आणि पाणी एकाच ठिकाणी जमतात अशी जागा म्हणजे जोडा, आणि किनाऱ्यावर तिथे बॅटरी फार काळ सुखाने नांदत नाही.

तळव्यांचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे, कारण सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येणारी माणसे घरोघरी आहेत. व्हँकूव्हरच्याच वीव्ह या कंपनीने २०१६ मध्ये मोबाइलने काढलेल्या पायाच्या छायाचित्रांवरून त्रिमितीय मुद्रणाने तळवे करून देण्याची योजना मांडली. कागदावर पाय ठेवून छायाचित्रे पाठवायची, की त्या मापाचा तळवा घरी येतो. युक्ती देखणी आहे, मात्र टाचदुखीवर झालेल्या वैद्यकीय चाचण्यांत मापानुसार बनवलेले तळवे तयार तळव्यांपेक्षा फारसे सरस ठरलेले नाहीत, हे कोणत्याही चित्रफितीत सांगितले जात नाही. दुसरी अडचण घरगुती आहे. बंद जोड्यात बसणारा तळवा जोड्याबरोबर उंबऱ्याबाहेर राहतो, आणि टाच दुखते ती घरातल्या लादीवर. आमच्या वहिनींना आराम पडला तो घरात घालायच्या मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपलेने. हे सूक्ष्मछिद्री रबर कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकात वापरात आणले. आज ती चपल परदेशी तळव्याच्या किमतीच्या अंशात मिळते. तिला चित्रफीत नाही, म्हणून तिचा गाजावाजा नाही.

या सगळ्यांत घरच्यांनी एकमताने जी वस्तू ठेवून घेतली, ती सर्वांत लहान आणि स्वस्त निघाली. हिकीज या नावाने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर आलेल्या आणि नंतर अनेकांनी बनवलेल्या लवचिक नाड्या जोड्याच्या भोकांतून एकदा अडकवल्या की पुन्हा गाठ मारावी लागत नाही. जोडा चपलेसारखा घालता-काढता येतो. देवळात, शाळेत, शेजारी, दवाखान्यात, प्रत्येक दारात वाकून नाडी सोडावी लागते म्हणून आमच्याकडची वयस्क मंडळी बूट टाळतात आणि निसरड्या पाखाडीवर चपलेनेच जातात. या नाड्यांमुळे माझे सासरे पहिल्यांदाच पावसात बूट घालू लागले. नाडी पाणी शोषत नाही, चिखल पुसला की स्वच्छ होते. थोडी खोट आहे ती अशी की पाय सुजणाऱ्यांना ताण कमी-जास्त करता येत नाही, आणि ज्यांचा पाय पुढे रुंद आहे त्यांना शेवटची एक-दोन भोके रिकामी सोडावी लागतात.

रुंदीचा हा मुद्दा परदेशी जोड्यांत सर्वत्र आडवा येतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा आपले पाय युरोपीय साच्यांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. लांबी जुळवून जोडा मागवला की करंगळीपाशी तो आवळतो, आणि मोठा मागवला की टाच सुटते व तेथे घट्टा पडतो. रुंद साचा वेगळा देणारा उपक्रम असेल तरच पैसे घालावेत, एवढे माझे मत बनले आहे.

दुरुस्तीसाठी मी हे जोडे बाजारातल्या गटई स्टॉलवर नेले. पाणी निथळणाऱ्या जोड्याचा तळ पुढून उकलला होता. तिथल्या दादांनी तो नीट पुसला, कडेने आरीने भोके पाडली आणि मेण लावलेल्या जाड नायलॉन दोऱ्याने चहूबाजूंनी टाके घातले. टाक्यांतून आता थोडे पाणी झिरपते, पण ज्या जोड्यात पाणी येणे-जाणे मुळातच गृहीत आहे त्याला त्याचे काय? जलरोधक जोडा त्यांनी हातात घेऊन वाकवला, आतला पापुद्रा बोटाने चाचपला आणि परत दिला. सुई घातली की तो जलरोधक राहणार नाही आणि नुसत्या डिंकाने पावसात तळ धरणार नाही, असे ते म्हणाले.