स्पेशल रिलेटिव्हिटीचा ऑनलाईन कोर्स: चार स्टार, एक कापला

स्पेशल रिलेटिव्हिटी म्हणजे आइनस्टाइनचा 1905 चा वेग, वेळ आणि अंतर यांबद्दलचा सिद्धांत. त्यावरचा सहा आठवड्यांचा व्हिडिओ कोर्स आहे, परवाच संपवला. याआधी असे दोन कोर्स अर्ध्यात सोडलेत कारण सगळे पहिल्या दहा मिनिटांत ट्रेन, वीज आणि जुळे भाऊ ही ठरलेली उदाहरणं घेऊन बसतात आणि आपण नुसती मान डोलवायची. इथले सर मात्र पहिले दोन आठवडे आइनस्टाइनला हातच लावत नाहीत!

सुरुवात मॅक्सवेलपासून. त्याच्या वीज-चुंबकत्वाच्या समीकरणांतून प्रकाशाचा वेग निघतो, पण तो मोजायचा कशाच्या सापेक्ष? तेव्हाचं उत्तर होतं ईथर, म्हणजे प्रकाशाच्या लाटा ज्यातून जातात असं मानलेलं, सगळीकडे भरलेलं माध्यम. मग या ईथरमधून पृथ्वीची गती पकडायचा 1887 चा मायकेलसन-मोर्लेचा प्रयोग, यावर तब्बल पाऊण तास दिलाय आणि तो वसूल आहे. सगळी यंत्रणा दगडाच्या जाड लादीवर, लादी पाऱ्यावर तरंगती, का तर धक्का न बसता हळूहळू फिरवता यावी. दोन दिशांना जाऊन परत आलेले किरण एकत्र आले की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात; ईथर असता तर फिरवताना ते साधारण 0.4 पट्टा सरकायला हवे होते, आणि सरकले जवळपास नाहीच. ॲनिमेशनमध्ये ते न हलणारे पट्टे बघताना आपल्यालाच चुकल्यासारखं होतं.

लॉरेंट्झ या भौतिकशास्त्रज्ञाचं गणितही नीट येतं, म्हणजे रिलेटिव्हिटीची सूत्रं 1905 च्या आधीच बरीचशी तयार होती, फक्त तो ईथर सोडायला तयार नव्हता, हे मला माहीतच नव्हतं. आणि आइनस्टाइनच्या पेपरची सुरुवात ट्रेनने नाही तर चुंबक आणि तारेने होते: चुंबक हलवा नाहीतर तार हलवा, करंट तोच, मग स्पष्टीकरणं दोन कशाला? इथे माझी ट्यूब पेटली.

वेळ मंदावण्याचं गणित पायथागोरसवर उरकलंय, शाळेतलं आठवत असलं तरी पुरे. मिन्कोव्स्कीचा, म्हणजे जागा आणि वेळ एकाच आकृतीत मांडायचा भाग मात्र गुंडाळलाय, आकृत्या भराभर पुढे सरकतात, मला व्हिडिओ चार वेळा थांबवावा लागला.

एक स्टार कापला तो क्विझसाठी. प्रश्न असा की यान प्रकाशाच्या 80 टक्के वेगाने जातंय, पृथ्वीवर 10 वर्षं गेली तर यानात किती? उत्तर 6, कारण 0.8 चा वर्ग 0.64, 1 मधून वजा केला की 0.36, त्याचं वर्गमूळ 0.6. सरांनी स्वतः व्हिडिओत हेच शिकवलंय आणि क्विझ म्हणते 8! तीनदा भरलं, तीनदा लाल फुली. शेवटी 8 लिहून पास झालो, मेल टाकलाय, अजून उत्तर नाही.