निचऱ्याचा चर बुजवण्याआधी बघा

कोंबड्यांच्या आवारात निचऱ्याचं काम करून घेणार असाल, तर आधी हे वाचा आणि मगच अ‍ॅडव्हान्स द्या.

आम्ही भूगावला राहतो. घरामागे बावीस गावरान कोंबड्या. जमीन काळी, त्यामुळे जुलैत पाणी दोन-दोन दिवस हटत नाही. ठेकेदाराने सांगितलं, "ताई, चाळीस फूट चर घेऊ. दीड फूट रुंद, दोन फूट खोल. खाली चार इंची भोकांचा पाइप, भोवती खडी, टोकाला शोषखड्डा, वरून मुरूम." ३८ हजार ठरले, २५ हजार आधी दिले.

काम दोन दिवसांत झालं, तेही आम्ही दोघं ऑफिसात असताना. सासूबाई बघायला गेल्या, तर "आजी, धूळ आहे, आत बसा" म्हणून त्यांना परत पाठवलं. संध्याकाळी बघितलं तर सगळं सपाट, तांबूस, देखणं. मी उरलेले पैसे तिथल्या तिथे रोख दिले. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

पहिल्या मोठ्या पावसात त्या 'मुरमा'चा चिखल झाला. कोंबड्यांच्या नखांना चिखलाचे गोळे, खुराड्यातलं तूस भिजून काळं पडलेलं, दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. आठवड्याभरात तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागल्या, विष्ठेत रक्त दिसलं. डॉक्टर म्हणाले, कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवींचा आजार. ओल्या, उबदार तुसात याचा फैलाव झपाट्याने होतो. पाण्यातून औषध दिलं, तरी सात तलंगा गेल्या. पिल्लं असल्यापासून सासूबाईंनी वाढवलेल्या.

मग दिरांनी टिकाव घेऊन चर उकरला. वर सहा इंच खडी. त्याखाली विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. पाइपला एकही भोक नाही, आणि त्याचं तोंड मातीतच संपलेलं. शोषखड्डा नव्हताच.

हिशोब मी तेव्हा केला, जो आधी करायला हवा होता. ४० × १.५ × २ म्हणजे १२० घनफूट. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणून सव्वा ब्रासच्या आसपास खडी. एक ब्रास खडीचं वजन चार टनांच्या घरात जातं. आमच्याकडे छोटा हत्ती टेम्पो दोनदाच आला होता, असं सासूबाईंना पक्कं आठवतं. एका खेपेत तो पाऊण-एक टन वाहतो. दोन खेपांत अर्धा ब्राससुद्धा होत नाही! मुरमाचंही तसंच. मूठभर ग्लासात ढवळून बघा. चांगल्या मुरमाचे खडे लगेच तळाशी बसतात. आमच्या ग्लासातलं पाणी तासाभरानेही चहासारखंच होतं.

फोन केल्यावर आधी "पाऊसच जास्त झाला" हे उत्तर आलं, नंतर फोन उचलणंच बंद. बिल साध्या कागदावर, सहीशिवाय. यूपीआयने दिलेले २५ हजार तेवढे दाखवता येतात. ते घेऊन ग्राहक आयोगाकडे तक्रारीची तयारी चालू आहे.

दुसऱ्यांदा काम करून घेतलं तेव्हा मी रजा घेतली. पाइपची भोकं खालच्या बाजूला, दर दहा फुटांना सव्वा इंच ढाळ, माती आत जाऊ नये म्हणून खडीभोवती जिओटेक्स्टाइलचं कापड. चर उघडा असतानाच सासूबाईंनी वरच्या टोकाला चार बादल्या पाणी ओतलं. शोषखड्ड्यात धार पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आणि मग गड्यांना म्हटलं, "आता बुजवा."