नव्वद टक्क्यांचा सापळा: घरबसल्या फॉर्म भरण्याच्या कामात फसवणूक कशी होते

आजारपणात दोन-चार वर्षं घरी काढलेल्या माणसाला पुन्हा कामाला लागायचं असतं, पण आठ तासांची नोकरी झेपत नाही. कुणाची पाठ बसू देत नाही, कुणाचे आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसमध्ये जातात, कुणाला गोळ्यांची गुंगी दुपारपर्यंत उतरत नाही. मग जॉब पोर्टलवर बायोडेटा टाकला जातो, ‘पार्ट टाइम’ आणि ‘वर्क फ्रॉम होम’ या दोन चौकटींवर खूण केली जाते. एक-दोन दिवसांत फोन यायला लागतात. खऱ्या कंपन्यांचे क्वचित, कामाच्या नावाखाली फसवणाऱ्या टोळ्यांचे हमखास.

काम सांगतात ते डेटा एन्ट्रीचं. आकडे इकडेतिकडे होतात, साचा तोच राहतो: सहा दिवसांत ५०० फॉर्म, फॉर्ममागे ४० रुपये, म्हणजे वीस हजार. रजिस्ट्रेशन फी नाही, डिपॉझिट नाही. ‘आधी पैसे मागितले की फ्रॉड’ हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे, म्हणून इथे आधी काहीच मागत नाहीत. मागतात ते शेवटी.

फोनवर बोलणारी बाई अगदी आपुलकीने चौकशी करते. मध्ये गॅप का पडला, कसला आजार, घरात कोण कमावतं, औषधांचा खर्च किती. ‘सर, तुमच्यासारख्यांसाठीच हे काम आहे’ असंही म्हणते. ही माहिती कुठे वापरली जाणार हे आठवड्याभराने कळतं. कामावर घेणाऱ्याला तुमच्या आजाराचं नाव लागत नाही. रोज किती तास बसता येईल एवढं सांगितलं की पुरे.

मग आधार, पॅन, फोटो आणि कोऱ्या कागदावरची सही मागवली जाते. थोड्याच वेळात ईमेलवर अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट येतं, स्टॅम्प पेपरच्या फोटोवर छापलेलं, आणि ‘लिंक अर्ध्या तासात बंद होईल, लगेच साइन करा’ असा तगादा सुरू होतो. दहा-बारा पानांत सापळ्याची कलमं दोनच असतात. एक, अचूकता किमान ९० टक्के हवी. दुसरं, काम अपुरं राहिलं किंवा अचूकता कमी भरली तर पोर्टल वापरल्याचे म्हणून पाच-सहा हजार भरायचे. स्टॅम्प पेपर नीट पाहा. तो कुणाच्या नावावर, कोणत्या तारखेला घेतला, ते त्यावर असतं. या टोळ्या एकच कागद स्कॅन करून शेकडो जणांना पाठवतात, त्यामुळे त्यावरची तारीख तुमच्या पहिल्या फोनच्याही आधीची निघते.

आता खुद्द कामाकडे येऊ, कारण खरी लबाडी तिथे आहे. स्क्रीनच्या एका बाजूला अंधूक चित्र, दुसऱ्या बाजूला रिकामे रकाने. एका फॉर्ममध्ये साधारण वीस रकाने: नाव, पत्ता, ईमेल, पॉलिसी क्रमांक, असलं काहीबाही. मजकूर मुद्दाम वेडावाकडा केलेला असतो. स्वल्पविरामाआधी जागा, मध्येच दोन टिंबं, एकाच शब्दात लहान-मोठी अक्षरं. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, लहान ‘एल’ आणि एक, हे त्या चित्रात वेगळे ओळखूच येत नाहीत. कॉपी-पेस्ट बंद. आणि नियम असा की एका रकान्यात चूक म्हणजे तो अख्खा फॉर्म चूक.

हिशेब करून पाहा. समजा, तुमचे शंभरातले ९९ रकाने बिनचूक आहेत. टायपिंगमध्ये हे उत्तमच म्हणायचं. पण वीसच्या वीस रकाने बरोबर येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा विसावा घात, ०.८२ च्या आसपास. म्हणजे शंभरातले ९९ रकाने बरोबर भरणाऱ्याचे बिनचूक फॉर्म ठरतात ८२ टक्के, आणि तो नापास! नव्वद गाठायला रकान्यांची अचूकता साडेनव्याण्णव टक्क्यांच्या आसपास लागते, तीही न दिसणाऱ्या अक्षरांवर. वेळेचंही तसंच. नीट पाहून भरायचं तर फॉर्मला पाच मिनिटं जातात. ५०० फॉर्मचे झाले जवळपास ४२ तास, सहा दिवस रोज सात तास. अर्धवेळ म्हणून घेतलेलं काम पूर्णवेळाला येऊन भिडतं. आजारी माणूस तिसऱ्या दिवशी थकतो, पण कलम आठवून रात्री जागतो. त्यातून कुणी रेटून नेलंच, तर शेवटच्या दिवशी साइट उघडत नाही.

एवढं करूनही कुणी खरंच नव्वदच्या वर गेला तर? काही फरक पडत नाही. मुदत संपताच लॉगिन बंद होतं, तुम्ही काय भरलं ते तुम्हाला पुन्हा दिसत नाही, आणि ‘क्यूसी रिपोर्ट’, म्हणजे काम तपासल्याचा अहवाल, त्यांचाच. त्यात ८६ किंवा ८७ टक्के लिहिलेलं असतं. तीस टक्के लिहिलं तर माणूस भांडेल, ८७ लिहिलं की तो स्वतःलाच दोष देतो. हे फॉर्म कुठल्याही बँकेला किंवा विमा कंपनीला जात नाहीत. ते भरून घेण्यात कुणालाच रस नसतो. त्यांची कमाई तुमच्या नापास होण्यावर चालते.

यानंतर आवाज बदलतो. ५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ५,९०० रुपये, आज चारच्या आत. नाही भरले तर नोटीस. पीडीएफ येते, वर तीन सिंहांची मुद्रा, खाली न्यायालयाच्या नावाचा गोल शिक्का. ‘वकीलसाहेब’ फोनवर सांगतात की एफआयआर होईल, बँक खातं गोठेल, सिबिल (कर्जासाठी पाहिली जाणारी पत) खराब होईल, पोलीस घरी येतील. आणि पहिल्या दिवशीची आपुलकी आता वसूल होते: ‘तुमची तब्येत अशी, कोर्टाच्या फेऱ्या झेपतील का?’ ५,९०० भरले की एनओसीचे (ना हरकत दाखल्याचे) वेगळे, मग केस मागे घ्यायचे वेगळे. ज्याने एकदा भरले त्याला सोडत नाहीत.

या धमक्यांत कायद्याचा भाग किती, ते एकेक करून पाहू. काम वेळेत झालं नाही हा फार तर कराराचा भंग, म्हणजे दिवाणी बाब. त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. शिवाय फसवून घेतलेली संमती असेल तर कलम १९ प्रमाणे तो करार रद्द करण्याचा हक्क तुमचा आहे. सिबिलचा धाक तर निव्वळ थाप. क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थांकडे, नोंदी जातात त्या बँका आणि वित्तसंस्थांच्या कर्जांच्या. फॉर्म भरून घेणाऱ्या कुणा खासगी कार्यालयाला तिथे काही नोंदवता येत नाही. राजमुद्रा खासगी कागदावर वापरणं हाच २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे, आणि खऱ्या वकिलाची नोंद राज्याच्या बार कौन्सिलकडे असते. ‘केस दाखल झाली आहे’ म्हणाले तर प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मागा आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून बघा. क्रमांक मागितला की बहुतेक वेळा फोनच कट होतो.

पैसे भरू नका आणि फोनवर वादही घालू नका. ब्लॉक करण्याआधी पुरावा गोळा करा, कारण नंतर त्यांचे फोटो, नावं आणि लिंक सगळं गायब होतं. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट ‘एक्स्पोर्ट’ करून स्वतःला मेल करा. अ‍ॅग्रीमेंट आणि नोटिशीची पीडीएफ उतरवून ठेवा, मूळ ईमेल पुसू नका. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट नंबर आणि वेळ दिसेल असे घ्या. त्यांनी पैशांसाठी पाठवलेला क्यूआर कोड किंवा यूपीआय आयडी हा सगळ्यांत मोलाचा धागा, कारण तो एका बँक खात्यापर्यंत जातो. मग एकच ईमेल करा, रागावलेल्या एकाही शब्दाशिवाय: ‘फॉर्मनिहाय चुकांची यादी आणि हे काम ज्या ग्राहकाचं होतं त्याचं नाव लेखी कळवा. हा करार फसवून करून घेतलेला असल्याने मी तो रद्द करत आहे. यापुढचा संपर्क फक्त लेखी ठेवावा.’ यादी येत नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. तिथे तुमची बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे उशीर परवडत नाही. आधी घरच्यांना सांगावं का या विचारात दिवस काढू नका. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर. बँकेकडून मात्र फार आशा धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतलं ग्राहकाचं संरक्षण मुख्यतः अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात बसवून घेणं कठीण. पैसे गेले नसतील आणि नुसत्याच धमक्या येत असतील तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षु’ या सोयीत त्या नंबरची नोंद करा.

पोलीस ठाण्यात जायचं असेल तर अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक), ३०८ (खंडणी) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी (संगणक-फोनवरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक) यांचा उल्लेख करा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण आता चालत नाही, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. जाणं झेपत नसेल तर ती ऑनलाइन देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. महिला आणि दिव्यांग व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. ज्यांना खरंच गरज असते त्यांना हा नंबर ठाऊक नसतो, ही खंत.

आणि ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणून जो फोन येतो, तो बहुधा त्याच टेबलावरून आलेला असतो.

याच कामाचा एक भाऊ जास्त घातक आहे. काम काय, तर तुमच्या खात्यात येणारी रक्कम थोडं कमिशन ठेवून पुढे पाठवायची. ते दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे असतात. नोटिशीतली धमकी पोकळ होती, इथे मात्र खातं खरोखर गोठतं आणि आरोपी म्हणून नाव तुमचं लागतं. औषधांचे पैसे ज्या खात्यातून जातात तेच अडकलं की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

खरं अर्धवेळ काम शोधताना कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. चोर खऱ्या कंपनीचं नाव वापरतात. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधा आणि त्यावर फोन करून ‘अशी भरती चालू आहे का’ विचारा. खरं डेटा एन्ट्रीचं काम देणारा आधी दहा-वीस नोंदींचा नमुना देतो, चुका दाखवतो, तुमचं काम तुम्हाला परत बघू देतो. जमलं नाही तर काम थांबतं, दंड लागत नाही. नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आणि राज्याचं महास्वयम् इथली नोंदणी मोफत आहे. तिथून फोन यायला वेळ लागतो, हेही खरं.

कागदपत्रं आधीच दिली गेली असतील तर एवढं करून टाका. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, पुढे कुठेही मास्क्ड आधारच (फक्त शेवटचे चार अंक दिसणारा) द्या. संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा, अनोळखी असेल ते तिथूनच कळवा. देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही एकदम न मागवता तीन-तीन महिन्यांनी एकेक मागवला तर वर्षभर लक्ष राहतं. आपण न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या ब्युरोच्या साइटवर हरकत नोंदवा, ज्या बँकेने किंवा ॲपने ते दिलं तिला लेखी कळवा, आणि सायबर तक्रारीचा क्रमांक दोन्हीकडे जोडा.