कंबरदुखी: एक्स-रे काढायचा की एमआरआय?

एक्स-रेत हाड दिसतं, एमआरआयत पाणी. कोणती तपासणी करायची हे बरंचसं इथूनच ठरतं.

कमरेत पाच मणके असतात, वरून खाली एल-1 ते एल-5. त्याखाली त्रिकास्थी, म्हणजे एकमेकांना जुळलेले आणखी पाच. त्यातला पहिला एस-1. दर दोन मणक्यांमध्ये गादी असते. तिचं बाहेरचं कडं चिवट तंतूंचं आणि आतला गर जेलीसारखा, तरुणपणी 70 ते 90 टक्के पाण्याचा. मज्जारज्जू एल-1, एल-2 च्या आसपासच संपतो, त्याखालच्या पोकळीत नसांचा झुपका लोंबतो. त्यामुळे गादी बहुतेकदा जिथे सरकते, त्या एल-4-5 (एल-4 आणि एल-5 यांच्या मधली) आणि एल-5-एस-1 या जागी दबते ती नस, मज्जारज्जू नव्हे.

एक्स-रेत गादी दिसत नाही. दोन मणक्यांमधली काळी पट्टी ही तिची जागा, आणि ती पट्टी अरुंद झाली की गादी झिजली असं मानायचं. आपल्याकडे याला सर्रास ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणतात. खरं तर उलट असतं, गॅप कमी झालेला असतो! गादीतला गर मागे सरकून नसेवर टेकलेला असला तरी एक्स-रे अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून पायात कळ जाते आणि एक्स-रे चांगला आहे, म्हणजे काही झालेलं नाही, असा अर्थ काढू नये.

पण एका बाबतीत एक्स-रे एमआरआयला मागे टाकतो: तो उभं राहून काढता येतो. एमआरआय सहसा आडवं पडूनच होतो आणि आडवं पडलं की मणक्यांवरचा भार उतरतो. एखादा मणका खालच्यावरून पुढे घसरत असेल, तर झोपल्यावर तो बऱ्याचदा जागेवर जातो आणि एमआरआयत घसरण कमी किंवा जवळजवळ दिसतच नाही. उभं राहिलं की कंबर धरते आणि बसलं की सुटते, अशी तक्रार असेल तर उभ्याने बाजूचा एक्स-रे आणि सोबत पुढे वाकून एक, मागे झुकून एक, असे काढून घ्यावेत. नुसता ‘एलएस स्पाइन’ (कंबर आणि त्रिकास्थी) लिहिलेला कागद नेला तर अनेक ठिकाणी टेबलावर झोपवूनच फिल्म काढतात. ‘उभ्याने’ हा शब्द कागदावर लिहूनच घ्या. किरणोत्सर्ग लागतो तो साधारण सहा-सात महिन्यांत निसर्गातून आपोआप मिळतो तेवढा. गरोदरपणात मात्र टाळायचा.

एमआरआयला किरणोत्सर्ग नाही, पण 20 ते 30 मिनिटं बोगद्यात निश्चल पडावं लागतं आणि यंत्र चांगलंच ठोकाठोक करतं. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या क्लिपा असतील तर आधी सांगायचं. मणक्यातले टायटॅनियमचे स्क्रू सहसा चालतात, फक्त त्यांच्याभोवतीचं चित्र पुसट येतं. पैसे एक्स-रेच्या कित्येक पट.

पाणी पांढरं दाखवणाऱ्या फिल्ममध्ये निरोगी गादीचा गर उजळ दिसतो आणि सुकलेली गादी काळी पडते. घोळ इथेच होतो. काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय एकत्र करून 2015 साली आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत गादीची झीज आढळली. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीतही 30 टक्के होतं. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ (गादी फुगणं) किंवा ‘डेसिकेशन’ (गादी सुकणं) वाचून घाबरायचं कारण नाही. आधी पायाशी ताडून पाहायचं. एल-4-5 ची गादी मागे, जराशी बाजूला सरकली तर सहसा एल-5 ची नस दबते: पायाचा अंगठा वर उचलायला जोर कमी पडतो, पावलावर मुंग्या येतात. एल-5-एस-1 असेल तर एस-1 ची: चवड्यांवर उभं राहवत नाही, करंगळीकडची कड बधिर होते. दुखतोय उजवा पाय आणि रिपोर्टमधली गादी डावीकडे, तर ती गादी गुन्हेगार नव्हे.

मग कोणी काय करायचं? उसण भरली, वजन उचलताना कंबर धरली, पाय ठणठणीत आहे: पहिले सहा आठवडे दोन्ही नको. पायात कळ जाते पण ताकद शाबूत आहे, तरीही बहुतेकांना तेवढाच वेळ देता येतो, कारण बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. ताकद कमी होत चालली किंवा ऑपरेशनचा विचार सुरू झाला, तर एमआरआय. साठीपुढच्या बाईची पाठ किरकोळ धक्क्याने एकाएकी दुखायला लागली, तर आधी एक्स-रे. चेपलेला मणका त्यात दिसतो, पण तो आत्ताचा की जुना हे एमआरआयच सांगतो.

थांबायचं नाही अशी दोन चित्रं आहेत. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पाय लुळे पडणं: त्याच दिवशी रुग्णालयात, तिथे तातडीने एमआरआय. दुसरं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत बारीक ताप आणि वजन घटणं. आपल्या देशात इथे मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. हाडाचा साधारण तिसरा हिस्सा खाल्ला जाईपर्यंत एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयत खूप आधी दिसतं. अशा वेळी फक्त कमरेचा नाही, पूर्ण कण्याचा एक उभा काप (वरपासून खालपर्यंतचं चित्र) मागा, कारण टीबी मधले मणके सोडून दूर दुसरीकडेही असू शकतो.

सीटी स्कॅन हा तिसरा पर्याय, मुख्यतः अपघातातल्या फ्रॅक्चरसाठी किंवा एमआरआय करता येत नसेल तेव्हा. किरणोत्सर्ग साध्या एक्स-रेच्या चौपट किंवा जास्त.

एमआरआय झाला तरी जुना एक्स-रे टाकून देऊ नका. काहींचा एल-5 त्रिकास्थीला जुळलेला असतो, काहींचा एस-1 सुटा. फक्त कमरेच्या एमआरआयवर खालून मोजलं तर क्रमांक एकाने चुकतो, आणि ऑपरेशनची खूण चुकीच्या मणक्यावर होऊ शकते. सर्जनसमोर दोन्ही फिल्म शेजारी ठेवायच्या आणि मणके दोन्हींवर मोजून घ्यायला सांगायचं.