लंडन एका दिवसात: १५ नंबरची बस

विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं लंडनदर्शन हवं असेल, तर महागड्या टुरिस्ट बसचा नाद सोडा आणि ट्रॅफल्गर स्क्वेअरवरून १५ नंबरची साधी लाल डबलडेकर पकडा. आधी तिथलीच नॅशनल गॅलरी बघून घ्या. कायमस्वरूपी दालनं फुकट आहेत.

बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट गाठा. फ्लीट स्ट्रीट संपून लडगेट हिलचा चढ लागला की सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट समोर हळूहळू मोठा होत जातो. हा तुकडा अप्रतिमच! टॉवर हिलला उतरलात की टॉवर ऑफ लंडन उजवीकडे. आतलं तिकीट महाग आहे, पण टॉवर ब्रिज चालत ओलांडायला पैसे पडत नाहीत.

रोख पैसे बसमध्ये चालत नाहीत. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड फक्त चढताना मशीनवर टेकवायचं. पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी बस धरली तर वेगळं भाडं लागत नाही, मात्र कार्ड तेच हवं. एकदा कार्ड, एकदा फोन असं केलंत, तर खातं एकच असूनही दोनदा पैसे जातात.

उणीव एकच: गर्दीच्या वेळी बस फार रखडते. म्हणून सकाळी दहानंतर निघा.